दसऱ्यानंतर साताऱ्याच्या आसपास: तीन दिवस, तीन दिशा

साताऱ्यातच राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: दसरा झाल्यावर घरी तीन दिवस मोकळे आहेत. सोबत ७२ वर्षांच्या सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. सासरे चालायला ठणठणीत. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. गाडी स्वतःची. मुक्काम करायचा नाही, रोज रात्री घरी परतायचं. कासची फुलं आता मिळतील का? आणि मिळणार नसतील, तर मग बघण्यासारखं उरतं तरी काय?

ताई, गेली बावीस वर्षं मी साताऱ्यातून कुटुंबांना आणि शाळांच्या सहलींना फिरवतो आहे. तुमचा हा शेवटचा प्रश्न मला दर आश्विनात कुणी ना कुणी विचारतंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फुलांचं. कासचा खरा भर ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत. दसरा लवकर आला असेल आणि पाऊस लांबला असेल, तर सोनकीची पिवळी झाक इकडेतिकडे दिसेल. तेरड्याचे गुलाबी गालिचे मात्र संपलेले असतात. सीतेची आसवं, म्हणजे ती इवलीशी निळी-जांभळी कीटकभक्षी फुलं, त्यांना पायाखाली ओल लागते. कातळ सुकू लागला की तीही जातात. फोटोत पाहिलेलं कास डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर हिरमोड होईल. कासला जरूर जा, पण वेगळ्या गोष्टीसाठी. ते पुढे सांगतो.

आता 'उरतं काय' याबद्दल. दसऱ्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा काळ आपल्याकडे पाण्याचा आणि दगडाचा हंगाम असतो, असं मी मानतो. चार महिन्यांच्या पावसाने हवेतली धूळ धुऊन गेलेली असते आणि जमिनीत ओल असल्यामुळे नवी धूळ उडत नाही. म्हणून लांबचे डोंगर कोरल्यासारखे दिसतात. मार्चमध्ये याच डोंगरांवर धुरकट पडदा असतो. नद्यांचा गढूळपणा खाली बसतो, पण पाणी अजून भरपूर असतं. विहिरी, कुंडं, धरणं काठोकाठ. जुनी दगडी कामं पावसात शेवाळलेली, निसरडी असतात आणि उन्हाळ्यात तापून हात लावू देत नाहीत. आत्ता ती कोरडी, स्वच्छ आणि थंड असतात. आपल्या जिल्ह्यात पाण्याकाठची दगडी कामं इतकी आहेत की तीन दिवस पुरणार नाहीत.

ठिकाणांच्या आधी दोन गोष्टी ठरवून टाका.

पहिली, ऊन आणि परतीचा पाऊस. ऑक्टोबरचं ऊन लोकांना फसवतं. सकाळी गारवा असतो म्हणून टोपी घरी राहते आणि बाराला डोकं दुखायला लागतं. ओली जमीन, वर निरभ्र आकाश आणि वारा पडलेला, त्यामुळे उकाडा अंगावर येतो. साडेअकरा ते साडेतीन हा वेळ सावलीचा. त्या वेळात जेवण, आडवं होणं किंवा छपराखालचं काहीतरी बघणं. याच उकाड्याने दुपारी ढग उभे राहतात आणि तीन-चारच्या सुमाराला विजांसह पाऊस येतो. मान्सूनच्या संततधारेत विजा फारशा कडाडत नाहीत, परतीच्या पावसात कडाडतात. कास किंवा चाळकेवाडीच्या उघड्या पठारावर त्या वेळी माणूसच सगळ्यात उंच असतो. पूर्वेला कोबीच्या गड्ड्यासारखा पांढरा ढग वर चढताना दिसला, की पठार सोडायचं आणि गाडीत बसायचं. झाडाखाली थांबायचं नाही.

दुसरी गोष्ट, एका दिवशी एकच दिशा. हे मी चूक करून शिकलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाला एका दिवसात पाच ठिकाणं दाखवली होती, सज्जनगडापासून मेणवलीपर्यंत. संध्याकाळी परतताना लक्षात आलं की त्यांचे आजोबा पाचांपैकी तीन ठिकाणी गाडीतून उतरलेच नव्हते. कुणी त्यांना 'चला' म्हणेपर्यंत आम्ही परत निघालेलो असायचो. ते काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं. तेव्हापासून घरात ज्येष्ठ माणूस असेल तर एका दिवशी एकाच दिशेची, जवळजवळची ठिकाणं ठरवतो. ठिकाणंही अशी की आजी जिथे बसतील तिथूनही ते ठिकाण दिसलं पाहिजे.

पहिला दिवस उत्तरेला: लिंब, वाई, धोम, मेणवली.

या दिवशी पहाटे निघायची गरज नाही. साडेआठला निघा आणि महामार्गावरच्या लिंब फाट्यावरून आत वळून बारामोटेच्या विहिरीवर सव्वानऊपर्यंत पोचा. सातारकरांना ही विहीर ऐकून माहीत असते, पण शांतपणे पाहिलेले थोडे. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली, असं तिथल्या शिलालेखावरून समजतं. वर आमराई होती, तिला पाणी द्यायला ही विहीर. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. आकार अष्टकोनी आणि पुढे निमुळती जोडविहीर, त्यामुळे वरून पाहिलं तर शिवपिंडीचा आकार दिसतो.

सव्वानऊची वेळ मुद्दाम सांगतो आहे. सकाळी लवकर गेलात तर विहिरीत नुसता अंधार. साडेनऊ-दहाच्या सुमाराला तिरपं ऊन पाण्यापर्यंत पोचतं आणि पाण्यावरून उलटून समोरच्या दगडी भिंतीवर पडतं. भिंतीभर उजेडाच्या वेलांट्या हलायला लागतात. कबुतर उडालं, पाण्यात एक पान पडलं, तरी त्या वेलांट्या तुटतात आणि पुन्हा जुळतात. हे दहा-पंधरा मिनिटं गप्प बसून बघायचं. आत्ता पाणी वर असतं म्हणून हे नीट दिसतं. एप्रिलमध्ये पाणी खोल जातं.

मुलांना एक काम द्या. नाव बारामोटेची, पण वर जाऊन मोटेच्या जागा मोजायला सांगा. पंधरा भरतात. एका वेळी बारा मोटा चालत म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात. मोट म्हणजे काय हे मात्र आधी समजावून सांगा: चामड्याची मोठी पिशवी, तिला दोर, दोराला बैलजोडी. बैल उतारावरून पुढे गेले की मोट भरून वर यायची आणि पाटात रिकामी व्हायची. बारा मोटा म्हणजे बारा बैलजोड्या एकदम. आज तिथे एवढी शांतता असते की तो गलका मनात उभा करायला मुलांना तुमची मदत लागेल. घरचे आजोबा शेतकरी कुटुंबातले असतील तर त्यांनाच सांगू द्या. एका सहलीत एका आजोबांनी मोटेवरची गाणी म्हणून दाखवली होती आणि अख्खा वर्ग पायऱ्यांवर बसून राहिला होता.

विहिरीच्या मधोमध, दोन्ही भागांना जोडणाऱ्या पुलासारख्या जागेत, एक छोटा महाल आहे. त्याच्या खांबांवरची कोरीव कामं आणि भिंतींवरची व्याघ्रशिल्पं नीट बघा. खाली जाणाऱ्या पायऱ्या रुंद आहेत. सासूबाईंनी अर्ध्यापर्यंत उतरून दरवाजाशी बसलं तरी शिलालेख आणि पाणी दोन्ही दिसतं. खाली काठाला कठडा नाही, तेव्हा मुलीचा हात कुणीतरी एकाने धरायचा, 'सगळे लक्ष ठेवू' असं नको. आणि अशा विहिरींत, घाटांवर, किल्ल्यांच्या दरवाजांत आग्या मोहळं असतात. वर एकदा नजर टाका. मोहळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको.

तिथून वाई. ढोल्या गणपती अकरापर्यंत. मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती बघून लगेच परत फिरू नका. देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत सरळ नाही, माशाच्या आकाराची निमुळती आहे. कृष्णेचा पूर आला की पाणी त्या टोकाला दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं, म्हणून ती तशी बांधली. होडीचं टोक पाणी कापतं तसंच. मुलाला हे चित्र काढून दाखवा, त्याला लगेच कळेल. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या आवारात सावली असते. सासूबाईंना तिथे बसवून तुम्ही घाटावर फिरून या.

दुपारचं जेवण वाईत. ज्यांना पुस्तकांची आवड आहे त्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट: तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची ही कर्मभूमी आणि मराठी विश्वकोशाचं काम इथूनच चालत आलं आहे. मुलांच्या शाळेत विश्वकोशाचे खंड असतील तर ते इथे घडले, एवढं सांगून ठेवा.

साडेतीनला धोम. धरणाच्या भिंतीकडे गर्दी जाते, तुम्ही गावातल्या महादेवाच्या देवळात जा. समोर दगडी कुंड आहे, कमळाच्या पाकळ्यांसारखं घडवलेलं. कुंडाच्या मध्यभागी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असं वाटतं. पाकळ्यांच्या कडा पाण्यात दुप्पट होतात, वरची खरी आणि खालची प्रतिबिंबातली. दगड घडवणाऱ्याने पाणी धरूनच हे चित्र मनात आणलं होतं. कोरड्या कुंडात ते अर्धंच दिसतं. तुमच्या मुलीला सगळ्या तीन दिवसांत हे जास्त आवडेल, असा माझा अंदाज आहे. शेजारचं नरसिंहाचं देऊळही बघून घ्या.

पाचच्या आत मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे कृष्णेचा घाट. इथे सापडलेली नानांची कागदपत्रं 'मेणवली दप्तर' म्हणून अभ्यासकांना माहीत आहेत आणि ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहेत. घाटावर एका लहान देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे, ती पोर्तुगिजांची. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९ मध्ये, मराठ्यांच्या हाती लागलेल्या घंटांपैकी ही एक. वसईच्या चर्चची घंटा कृष्णेच्या काठी कशी आली, ही गोष्ट परतीच्या वाटेवर सांगायला उत्तम. घाटाला पायऱ्या बऱ्याच आहेत आणि संध्याकाळी उतरणं सोपं, चढणं अवघड जातं. सासूबाईंसाठी वरचा कट्टा पुरे, तिथूनही नदीचं वळण दिसतं. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. साडेपाच ते सहा हा घाटावरचा सगळ्यात सुंदर अर्धा तास.

वाईच्या वाटेवर स्ट्रॉबेरीच्या पाट्या दिसतील. आत्ता ताजी स्ट्रॉबेरी नसते. पाचगणी-महाबळेश्वरकडे रोपं नुकतीच लावलेली असतात, फळ नोव्हेंबरच्या अखेरीपासून पुढे. त्याऐवजी वाईच्या परिसरातली हळदीची शेतं दाखवा. या दिवसांत पानं कमरेएवढी असतात आणि पान चुरगळलं की हळदीचा वास येतो. मालकाला विचारून एखादं पान घ्या, दिवाळीत त्यात पातोळे करता येतील.

दुसरा दिवस पश्चिमेला: कास, घाटाई, बामणोली.

या दिवशी मात्र साडेसहाला घर सोडायचं. यवतेश्वरचा घाट चढताना मागे सातारा धुक्यात बुडालेलं आणि अजिंक्यतारा बेटासारखा वर आलेला, हे सात वाजेपर्यंतच दिसतं. एका सुरक्षित वळणावर गाडी कडेला घेऊन पाच मिनिटं थांबा.

कास साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. फुलं सरल्यावर तिथे काय बघायचं? तर पठार कसं काम करतं ते. जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ आहे, त्यावर मातीचा थर बोटभर. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, साचतं. पाऊस थांबला की काही आठवड्यांत सगळं कोरडं. या झाडांना उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं त्या तीन-चार महिन्यांत उरकावं लागतं. म्हणून फुलांचा एवढा लोट एकदम येतो. तुम्ही जाल तेव्हा बी धरण्याचा शेवटचा टप्पा चालू असेल. रस्त्याकडेच्या तेरड्याची पिकलेली बोंडं शोधा. नुसता बोटाचा स्पर्श झाला की बोंड फुटतं, साल गुंडाळली जाते आणि बिया उडतात. सहा वर्षांच्या मुलीला यापेक्षा चांगला वनस्पतिशास्त्राचा धडा कुणी देऊ शकणार नाही. फक्त पठारावर आत पाय घालायचा नाही. दिसत नसलं तरी पुढच्या वर्षीचं पठार त्या बोटभर मातीत निजलेलं आहे. 'वायतुरा' नावाची एक पाणवनस्पती आहे, तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, कारण ती आपल्याच परिसरातली. अशा झाडांचे कंद पायाखाली गेले तर भरून येत नाहीत.

गवत गुडघ्याएवढं असतं आणि जांभ्याच्या सड्यावर फुरसं, हा विषारी साप, असतो. चपला नकोत, बूट हवेत, आणि गवतात हात घालायचा नाही. कधी चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका. माणसाला शांत ठेवा, हलवू नका आणि सरळ साताऱ्याच्या मोठ्या रुग्णालयात न्या.

कासजवळच घाटाईची देवराई आहे. अवश्य थांबा. उघड्या पठारावरून एकदम दाट सावलीत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं डोळ्यांना काही दिसत नाही, मग हळूहळू वेली, मोठाली खोडं, शेवाळ दिसू लागतं. देवीच्या नावाने राखलेलं जंगल आहे, तिथलं लाकूड कुणी तोडत नाही. सासूबाईंना देवीचं दर्शन, मुलांना जंगल आणि सगळ्यांना गारवा. प्रसादाच्या प्लास्टिकच्या पिशव्या मात्र परत आणा.

बामणोलीला दहापर्यंत पोचलात की शिवसागराचं भरलेलं पाणी बघायला मिळतं. हे कोयना धरणाचं मागे पसरलेलं पाणी. ऑक्टोबरमध्ये ते हिरव्या डोंगरांच्या पायाला भिडलेलं असतं. मे महिन्यात गेलात तर मधे लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. बोटीतून तास-दीड तासाची फेरी करा. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं. मुलीच्या मापाचं आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून निसटतं. मापाचं नसेल तर दुसरी बोट बघा, त्यात भीड धरू नका. चढताना-उतरताना सासूबाईंना दोघांनी धरायचं, कारण फळी हलते.

बोटवाल्यांशी बोला. या पाण्याखाली गावं आहेत, शेतं आहेत. काठावरच्या अनेकांच्या आजोबांची जमीन तुमच्या बोटीच्या खाली असते. 'इथं आमचं भाताचं खाचर होतं' असं पाण्याकडे बोट दाखवून सांगणारा माणूस मी ज्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, त्या दिवसापासून मी तिथे मोठ्याने गाणी लावू देत नाही.

जेवण तिथल्याच एखाद्या घरगुती खानावळीत सांगून ठेवा, जाताना सांगितलं तर परत येईपर्यंत तयार होतं. नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा, भात. नवा भात अजून शेतात असेल, कापणीला पिवळा झालेला. दोनपर्यंत परतीला लागा, म्हणजे पावसाच्या आधी पठार ओलांडून होतं.

वासोट्याचं मुलगा विचारेल. कोयनेच्या जंगलातला तो किल्ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, वन खात्याची परवानगी लागते. बोटीचा प्रवास धरून पूर्ण दिवस जातो आणि या दिवसांत वाटेवर जळवा असतात. हिवाळ्यात वडील आणि मुलगा दोघांनी जावं. या खेपेला नको.

तिसरा दिवस पूर्वेला: औंध, आणि परतताना माहुली.

पूर्वेकडे आपले लोक फिरायला जातच नाहीत. पण दसऱ्यानंतर तो रस्ताच बघण्यासारखा असतो. सोयाबीनची मळणी चाललेली, आल्याची हिरवीगार शेतं, दिवाळीसाठी राखलेला झेंडू. कोरेगावच्या बाजारात नवा वाघ्या घेवडा आलेला असतो. अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या त्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दोन किलो घ्या. नवा घेवडा लवकर शिजतो आणि त्याच्या आमटीची चव जुन्याला येत नाही.

औंधला साडेदहापर्यंत पोचा. आधी डोंगरावरची यमाई. गाडी बरीच वर जाते, तरी सासूबाईंच्या गुडघ्यांचा अंदाज घेऊन ठरवा; गावातही यमाईचं देऊळ आहे. मग भर उन्हाच्या वेळी श्रीभवानी संग्रहालय. निघण्याआधी सुट्टीचा दिवस कोणता ते विचारून घ्या. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे प्रचारक होते, आणि १९३९ मध्ये त्यांनी आपल्या छोट्या संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती देणारी घटना लागू केली. तिच्यामागे गांधीजींचं मार्गदर्शन होतं. स्वतः जमवलेला चित्रांचा, शिल्पांचा, हस्तिदंती कामाचा संग्रह सगळ्यांना बघता यावा म्हणून त्यांनी १९३८ मध्ये हे संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं इथे आहेत. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्पही आहे. परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांत लोक ज्याची कामं रांग लावून बघतात, त्याचं शिल्प आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. मुलांना सगळी दालनं दाखवू नका. प्रत्येकाने आपलं एक चित्र निवडायचं आणि बाकीच्यांना त्याच्यासमोर नेऊन सांगायचं, एवढंच ठेवा. मी शाळांना असंच फिरवतो, मुलं कंटाळत नाहीत.

गाण्याची आवड असेल तर आणखी एक गोष्ट. आश्विन वद्य पंचमीला, म्हणजे कोजागरीनंतर पाच दिवसांनी, औंधला शास्त्रीय संगीताचा उत्सव होतो. गायनाचार्य अनंत मनोहर जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ तो १९४० मध्ये सुरू केला. तुमचे तीन दिवस त्याच सुमाराचे असतील तर तिसरा दिवस त्या तिथीशी जुळवून घ्या.

सज्जनगड, ठोसेघर, पाटेश्वर हे मी मुद्दाम वगळलं. सज्जनगडावर शे-दोनशे पायऱ्या आहेत आणि सातारकर घरातलं कुणी ना कुणी तिथे आधीच जाऊन आलेलं असतं. ठोसेघरचा धबधबा आता उतरणीला लागतो. पाटेश्वरला मात्र तुमच्या मुलाला नक्की न्या, पण निराळ्या सकाळी, आजोबांबरोबर. देगावच्या वर गाडी सोडून वीस-पंचवीस मिनिटं चालायचं आहे. कमळांचं तळं, देऊळ आणि त्याच्या आसपासच्या गुहांत नाना प्रकारच्या शिवपिंडी. एकावर शेकडो छोट्या पिंडी कोरलेल्या, अशा तऱ्हेचे नमुने मी दुसरीकडे पाहिले नाहीत. विजेरी न्या. आणि धबधब्यांच्या माथ्यावर, मग तो एकीवचा असो की दुसरा कुठला, मुलांना घेऊन जाऊच नका. आटत चाललेल्या धबधब्याचा खडक कोरडा दिसतो, पण शेवाळ तसंच असतं.

औंधहून कोरेगावमार्गे परत या, म्हणजे पाचच्या सुमाराला संगम माहुली वाटेतच लागते. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ, घाट, आणि पलीकडे क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. शाहू महाराजांची समाधी इथेच, नदीच्या पात्राशी. पाणी जास्त असेल तर तिच्यापर्यंत जायचा हट्ट नको. त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी इथे आहे, वर दगडात घडवलेला बसलेला कुत्रा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं, अशी आख्यायिका आहे. मुलगी त्या कुत्र्यापासून लवकर हलणार नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

सासूबाईंसाठी गाडीत एक घडीची खुर्ची टाका. घाटाच्या वरच्या टप्प्यावर, देवळाच्या सावलीत ती ठेवली की नदी, संगम आणि पायऱ्यांवर खेळणारी नातवंडं, तिन्ही त्यांच्या नजरेच्या टप्प्यात राहतात. घर तिथून पंधरा-वीस मिनिटांवर आहे. दिवेलागण होईपर्यंत बसा.